चेअरमनचा गाल

गुंडू म्हशी भादरतो. कोल्हापूरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्याला थोडं समजावून द्यावं लागतं. दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं म्हैस पळवतात. त्याआधी अंगावरचे केस असे कापायचे, की काळ्या कुशीवर नाव, नक्षी, चित्र, जे पाहिजे ते उठून दिसावं. या कामात अख्ख्या मंगळवार पेठेत गुंडूच्या हाताला तोड नाही.

पण लोक त्याची वाट बघायचे ते नक्षीसाठी नव्हे. दर पाडव्याला एका तरी म्हशीवर तो कुणाची ना कुणाची टर उडवायचा. एका साली रस्त्याच्या ठेकेदाराचं तोंड काढलं, तर तोंडभर खड्डे. एका साली पेठेतल्या पुढाऱ्याचं काढलं, तर जीभ कुशीवरून निघून पार मांडीपर्यंत. शाळेत मास्तरांचं तोंड कोळशानं भिंतीवर काढून मार खाल्ला होता, तेव्हापासूनची ही खोड. "नसलेलं काय बी काढायचं न्हाय," तो म्हणायचा. "हाय तेच वाईच वाढवायचं. मग माणूस बोंबलला तरी लोकं म्हणत्यात, व्हय की, हाय की ह्यो असाच."

गेली दोन वर्षं मात्र गुंडूनं कुणाची टर उडवली नव्हती. नुसती वेलबुट्टी काढून मोकळा व्हायचा. लोकांना वाटलं, म्हातारा झाला. म्हातारा कसला, पोटात आग घेऊन बसला होता.

आग आक्काची. आक्का थोरली बहीण. आईमागं गुंडूला तिनंच वाढवलं. नवरा गेल्यावर तिनं म्हशींच्या जिवावर संसार ओढला आणि दूध असं घातलं की कुणी बोट दाखवू नये. पण एकदा दूध संस्थेच्या सभेत ती उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काटा खोटा हाय. मापात मारता तुमी आमास्नी."

चेअरमन पृथ्वीराज दादा खुर्चीत होता. तेव्हा नुसता हसला. पुढच्या आठवड्यात आक्काची किटली रांगेत ठेवलेली असताना तिच्यात कुणीतरी पाणी ओतलं. कुणाच्या सांगण्यावरून ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. तपासताना दुधाची डिग्री कमी लागली, म्हणजे दूध पातळ ठरलं. चेअरमन स्वतः बाहेर आला. त्यानं आक्काला रस्त्यात उभं केलं आणि तिच्याच हातानं किटली गटारात उपडी करायला लावली.

"सांग की आक्का," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणी जास्त झालं का?"

लोक हसले. जिच्या दुधावर त्यांची पोरं वाढली, तिला हसले. मेल्यांना लाज वाटली नाही.

त्या दिवसापासून आक्कानं उंबरा ओलांडला नाही. म्हशी विकल्या. देऊळ नाही, बाजार नाही, लग्नकार्य नाही. गुंडूला चेअरमनची माफी नको होती. माफी मागून असली माणसं आणखी मोठी होतात. त्याला एवढंच हवं होतं, की त्याच रस्त्यात त्याच लोकांनी चेअरमनला तसंच हसावं, आणि आक्कानं ते डोळ्यांनी बघावं.

यंदा संस्थेची निवडणूक तोंडावर आली आणि चेअरमननं आपण होऊन गुंडूला बोलावणं धाडलं. टवाळाच्या तोंडाला कुलूप लागत नसेल तर त्याला पंगतीला बसवावं, ही अक्कल असल्या लोकांना उपजतच असते.

"माझ्या मैनेवर माझं चित्र काढायचं," चेअरमन म्हणाला. मैना म्हणजे त्याची मिरवायची म्हैस. "झालं गेलं गंगेला मिळालं, गुंडू. देखणा काढ. वाकडंतिकडं केलंस, तर कळंब्याच्या तुरुंगाची हवा खायला घालतो."

"व्हय दादा," गुंडू हात जोडून म्हणाला.

पेठेत बोभाटा झाला, गुंडू विकला गेला. संध्याकाळी तो आक्काकडं गेला तर तिनं त्याच्यापुढचं ताट मागं ओढलं. "माज्या किटलीतलं पाणी तू बी प्यालास व्हय रं?" गुंडूनं खाली मान घालून ऐकून घेतलं. बेत सांगितला असता तर तिनं त्याला तुरुंगाच्या भीतीनं शपथ घालून अडवलं असतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यानं चेअरमनच्या गोठ्यात कात्री आणि वस्तरा काढला. म्हशीचं पोट डाव्या अंगाला असतं. उपाशी असली की तिथं कमरेच्या हाडापुढं खड्डा पडतो, आणि पोट भरलं की तोच खड्डा फुगून वर येतो. गवळ्याच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. चेअरमनला कुठलं कळायला, तो गोठ्यात यायचा तो फोटोपुरता. गुंडूनं बरोबर त्या खड्ड्यावर गाल धरला, डोळा वरच्या काठाला, ओठ खालच्या काठाला. खपाटीला गेलेल्या कुशीवर तोंड कसं रेखीव दिसलं, दहा वर्षांनी तरुण.

"मंत्र्यावानी दिसतोय न्हवं मी?" चेअरमन मोबाईल काढत म्हणाला.

"त्यास्नी बी मागं टाकलंय," गुंडू म्हणाला. "फकस्त उद्यापतोर हिला पोटभर चारापाणी घालू नगा. जड पोटानं पळायची न्हाय." आणि जाताना त्यानं मैनेला मूठभर भरडा चारला, त्यात खडेमीठ सढळ हातानं.

पाडव्याला हालगी कडाडली. मैना जीव खाऊन पळाली. मग मिरवणूक गल्लीत शिरली, तेव्हा फेटा बांधलेला चेअरमन शेजारून हात हलवत चालला होता आणि कासरा गुंडूच्या हातात होता. चित्र बघून लोक गप्पच होते. एकजण गुंडूकडं बघून थुंकला. गुंडूनं तेही गिळलं आणि आक्काच्या दारापुढं येताच कासरा आवळला.

"थांबलास का रं?"

"जनावर तानलंय दादा. आणि आक्काच्या दारात तुमी थांबलाय, हे लोकं बघत्यात. किती मोठ्या मनाचा माणूस म्हणतील."

मतांचं नाव काढल्यावर चेअरमन कशाला हलतोय! समोर चार मोबाईल उभे होते, त्यांच्याकडं तोंड करून त्यानं हात जोडले. "आक्का, पाणी पाज की जनावराला."

दार बंदच होतं. पण पाडव्याला दारात आलेलं जनावर तसंच जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या आईची रीत. ती मोडायची आक्काची छाती नव्हती. दार उघडलं. कुणाकडंही न बघता तिनं उंबऱ्यातूनच बादली पुढं सरकवली. मैनेनं ती एका दमात रिकामी केली. आक्कानं दुसरी दिली.

आणि गाल हलला. खड्डा भरत आला तसा तो वर वर चढला, डोळा मिचमिचा झाला, ओठ ताणून दात विचकल्यासारखे दिसायला लागले. मैना श्वास घेई तसं ते तोंड फुसफुसायचं.

"आगं बया, चेअरमन फुगला की!" दुधाच्या रांगेतलीच एक बाई ओरडली.

गल्ली फुटली. लोक पोट धरून रस्त्यात बसले. आपलाच जयजयकार चाललाय असं वाटून चेअरमन मोबाईलपुढं आणखी तोंडभर हसला, तसे त्याचे स्वतःचे गालही तसेच फुगले, आणि लोक एकदा म्हशीकडं, एकदा त्याच्याकडं बघून पुन्हा लोळायला लागले. मग त्यानं मागं वळून पाहिलं.

"फुडं घे तिला! गुंड्या!"

"पिणारं जनावर वढू न्हाय दादा. चित्र तर तुमीच पास केलंय. आत पाणी गेलं, त्याला मी काय करू?"

चेअरमननं स्वतः कासरा ओढला. तहानलेली म्हैस तसूभर हलली नाही.

आक्कानं आता पहिल्यांदा त्या कुशीकडं नीट बघितलं. मग गुंडूकडं बघितलं. आत जाऊन तिनं भरलेली बादली आणली, उंबरा ओलांडला, रस्त्यात उतरली आणि बादली मैनेपुढं ठेवली. फुगलेल्या गालावर तळहात ठेवून ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सांगा की चेअरमन, पाणी जास्त झालं का?"

उत्तराला ती थांबली नाही. मैनेनं तळ चाटला तशी तिनं रिकामी बादली उचलून गुंडूच्या हातात दिली.

"भर," ती म्हणाली.