काकांच्या सात पिढ्यांचा नकाशा

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. त्यामुळे विजेचं बिल वाचण्यापासून घराण्याची अब्रू वाचवण्यापर्यंत सगळी कामं माझ्याकडेच येतात. मागच्या वर्षी अब्रूचं काम निघालं. चुलत बहिणीला अकोल्याच्या जुन्या शहरातला एक मुलगा पसंत पडला. मुलगा शिक्षक, पण वडील बाजारात भाजी विकतात. तिचे वडील, म्हणजे माझे मोठे काका, भडकले.

"भाजीवाल्याच्या घरी पोरगी देऊ? आपून सात पिढ्याचे वावरवाले! तू शिकली ना? जा अमरावतीले, वावराचा जुना नकाशा आन. त्यायच्या तोंडावर मारतो."

बहिणीचं लग्न मोडायचा पुरावा मीच आणायचा होता. शिक्षणाचा असाही उपयोग असतो.

अमरावतीच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या बाबूंनी सर्व्हे नंबर विचारला. आमच्याकडे वावराला, म्हणजे शेताला, नंबर नसतो, नाव असतं. मी पदवीधराच्या थाटात सांगितलं, "चिंचेचं वावर."

"मॅडम, नकाशात चिंच नाई उगवत. नंबर सांगा."

काकांना फोन केला. सात पिढ्यांच्या मालकाला नंबर ठाऊक नव्हता. काकूनं सातबारा शोधून सांगितला.

नकाशात नुसत्या रेघा आणि आकडे. मालकाचं नाव सोबतच्या जुन्या नोंदवहीत. तिथे पणजोबा मालक म्हणून कुठेच नव्हते. आधी पणजीचे वडील, मग पणजी. पीक वांगी, मिरची, कांदे. पणजोबांचा उल्लेख एकदाच, तोही "घरजावई" असा. आमचे जमीनदार मूळपुरुष पिशवी घेऊन सासरी राहायला आले होते तर!

घरी मी नोंदीची नक्कल सगळ्यांना वाचून दाखवली. काकांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"बाबू चुकला असन."

"शिक्का हाय, काका."

बहीण दारातच उभी होती. "बाबा, पणजीच्या बापानं भाजी इकून वावर सांभाळलं, अन् तुमी त्याच्यावर मालकी सांगून राह्यले. मंग मी काहून नाई जाऊ त्या घरी?"

स्वयंपाकघरातून काकूचं हसू ऐकू आलं. ती म्हणाली, "वांग्याची भाजी तं रोज दोनदा मागता!"

काकांनी कागदांची घडी घातली.

"बोलाव त्यायले रैवारी," शेवटी म्हणाले. "पन हे कागद कोनाले दाखवू नको."

मी मान डोलावली. तोवर बहिणीनं त्या कागदांचा फोटो काढून होणाऱ्या सासऱ्यांना पाठवलाही होता.