ती आमच्याकडे राहत नाही

वाकोल्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी काचेचा फलक आहे. त्यावर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझ्या सहीची एक सूचना बरीच वर्षं लावलेली होती. कोणाही सभासदाकडे परदेशी पाहुणा राहायला आला, तर चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाच्या नोंदीचा ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरावा आणि सेक्रेटरीला कळवावं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडे त्यांचा जर्मन मित्र चार दिवस राहायला आला होता, तेव्हा फॉर्मची प्रत हातात पडेपर्यंत मी त्यांची बेल वाजवत राहिलो होतो. नियम म्हणजे नियम, असं वर ऐकवलंही होतं. पस्तीस वर्षं सरकारी खात्यात खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढली की असली वाक्यं तोंडपाठ होतात.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर कॅनडाला गेली आणि पुढे तिथलीच नागरिक झाली. परदेशी झालेल्या आपल्या माणसांना कधीही येता-जाता यावं म्हणून एक कार्ड मिळतं. ते काढायचं ती दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी राहून जायचं. दोन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि हिने मिळाला तो एक महिन्याचा टूरिस्ट व्हिसा घेऊन विमान पकडलं. आमच्या दारात चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सरळ आईच्या उशाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून आईचं सगळं तिनेच केलं. अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं. ती आली आणि मी रात्रीचा शांत झोपायला लागलो, हेही कबूल करतो.

आता, माहेरी आलेल्या मुलीचा कोणी फॉर्म भरतं का? माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. एकदा आलं होतं. लिफ्टची वाट बघताना फलकावर माझीच सही दिसली होती आणि मी मनात म्हटलं होतं, छ्या, ती काय परदेशी आहे! मग लिफ्ट आली आणि मी भाजी आणायला गेलो.

आईचं ऑपरेशन लगेच व्हायला हवं होतं. पण आधी छातीत कफ झाला, मग साखर उतरेना. शेवटी तारीख मिळाली ती बहिणीचा व्हिसा संपल्यावर पाच दिवसांनी. आईचा एकच हट्ट होता. आईची बोली अजून मालवणी आहे. ती डॉक्टरांना म्हणाली, “माजा चेडू हयसर आसतानाच काय तां करा.” चेडू म्हणजे मुलगी आणि हयसर म्हणजे इथे, हे मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. त्यांनी तारीख अलीकडे घेता येणार नाही हे मला समजावून सांगितलं.

म्हणून मुदतवाढीचा अर्ज केला. कारण लिहिलं, आईचं ऑपरेशन आणि शुश्रूषा. डॉक्टरांचं पत्र जोडलं. व्हिसा संपायला दोन दिवस उरले असताना कागद तपासायला परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसातून बोलावणं आलं. बायको आईजवळ थांबली आणि आम्ही दोघं टॅक्सी करून गेलो.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जगातल्या सगळ्या रंगांची माणसं हातात टोकन धरून भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होती. माझ्या शेजारी एक आफ्रिकन विद्यार्थी कागदांची फाइल पुन्हा पुन्हा लावत होता. बहिणीने पहाटे उठून घावणे केले होते. तिने डबा उघडला, चार माझ्या पुढ्यात सरकवले आणि एक स्वतः घेतला. “दादा, होईल ना रे काम?” तिने तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा म्हटलं, “अगं, मी आहे ना. सरकारी भाषा मला कळते.”

खिडकीत चाळिशीच्या एक मॅडम होत्या. आडनाव वाचून त्या सरळ मराठीतच बोलल्या. डॉक्टरांचं पत्र त्यांनी नीट वाचलं, आईचं वय विचारलं. सगळं बरं चाललं होतं. मग त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, “पत्ता वाकोल्याचा दिलाय. घर कोणाचं?”

“माझं,” मी म्हणालो.

“मग यांचा सी फॉर्म दिसत नाहीये सिस्टीमला. ज्याच्या घरी राहतात त्याने भरायचा असतो. नाही भरला तर कारवाई होते, माहितीये ना?”

माहिती होतं. मुंबईत माझ्याइतकं ते कोणाला माहीत असेल? कारवाई हा शब्द मी नोकरीत हजारो पत्रांत लिहिला होता, पण समोरून माझ्यावर तो कधी आला नव्हता. पेन्शन डोळ्यांपुढे आलं, पोलीस आले, तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू तर आलेच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही मॅडम, ती आमच्याकडे राहत नाही. पत्ता नुसता पत्रव्यवहाराला दिलाय. ती जुहूला हॉटेलवर असते.”

बहिणीने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच.

“हो का?” मॅडमनी तिला विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

“कुठलं हॉटेल? हॉटेलवाले तर न चुकता भरतात.”

“नाव नाही लक्षात. छोटंसं आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. “कारण लिहिलंय, आईची शुश्रूषा. आई यांच्या घरी, तुम्ही जुहूला हॉटेलवर. मग शुश्रूषा करतं कोण?”

बहिणीचे हात खिडकीच्या कठड्यावर होते. महिनाभर धुणं आणि जंतुनाशक यांनी बोटांची सालपटं निघाली होती. उत्तर तिथेच होतं, पण ते मी द्यायचं होतं.

मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या, “काका, फॉर्म राहिला असेल तर तसं सांगा. होतं असं, घरचं माणूस म्हटल्यावर. उशिरा भरता येतो, थोडा दंड लागेल. इथे बसून मोबाइलवर भरा, मी थांबते. पण हे असंच ठेवलंत तर मला पुढे नाही पाठवता येणार.”

मीही खिडकीआडून कितीतरी लोकांना अशी एक संधी दिली आहे. थाप कळलेली असते, तरी माणूस भला दिसतो, म्हणून द्यायची. त्यातले बरेच जण ती का घेत नाहीत, याचं मला तेव्हा हसू यायचं. का घेत नाहीत ते त्या दिवशी कळलं. खोटं सोडण्यापेक्षा, आत्ता आपण खोटं बोललो हे बहिणीसमोर कबूल करणं मला जास्त जड गेलं. तिला तर ते माहीतच होतं, तरीसुद्धा.

“नाही मॅडम,” मी म्हणालो, “हॉटेलवरच असते.”

त्यांनी चष्मा चढवला. अर्ज नामंजूर झाला. मुदतीत देश सोडावा, असा कागद मिळाला. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “जाऊ दे रे दादा. चल, चहा घेऊ.”

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं की ऑफिसात फार कडक आहेत. शेजारचे जमले. कोणी म्हणालं, माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही या लोकांत. कोणी म्हणालं, पैसे खायचे असतील. मी मान हलवली. त्या मॅडम माझ्यासाठी थांबायला तयार होत्या, आणि मी मान हलवली.

दोन दिवसांनी बहीण परत गेली. ऑपरेशनच्या दिवशी आईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिने मला विचारलं, “चेडू इला?” मी म्हटलं, येतेय. ऑपरेशन नीट पार पडलं. आई आता काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत चालते. काही बिघडलं नाही, असं म्हणता येईल. मला म्हणता येत नाही.

यंदा बहीण पुन्हा आली. या वेळी कार्ड काढून आलेली, मुदतीची काही भानगडच नव्हती. मी सोफा-कम-बेड दुरुस्त करून घेतला, नव्या चादरी आणल्या. ती आली ती रिक्षाने, हातात फक्त पर्स.

“सामान कुठाय तुझं?” मी विचारलं.

“जुहूला. हॉटेलवर,” ती म्हणाली. मग हसली, लहानपणी मला चिडवताना हसायची तशीच. “सेक्रेटरीसाहेबांना त्रास नको म्हटलं.”

तिने एवढंच म्हटलं. सगळा दिवस ती आईजवळ होती. आईची नखं कापली, केस विंचरले, मला माझ्या आवडीची सोलकढी करून दिली. राग कुठे दिसेना. राग असता तर मी पाय धरले असते, पण न रागावलेल्या माणसाचे पाय कसे धरायचे ते मला कळेना. संध्याकाळी सात वाजता तिने पर्स उचलली.

“खंय चललंस गो?” आई म्हणाली. “जेवान जा.”

“उद्या सकाळी येते, आई.”

असं तीन आठवडे रोज. एका संध्याकाळी ती गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ती घरी का राहत नाही, तू काय बोललास तिला?

“तिला काही नाही बोललो,” मी म्हणालो.

हे मात्र खरं होतं. बोललो होतो ते खिडकीतल्या मॅडमना. आईने सोफ्यावरची नवी चादर चाचपून बघितली आणि म्हणाली, घडी घालून ठेव, चेडवाक पुढच्या खेपेक होईल.