मनोऱ्याखालची वहिनी

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. तिथे आधी तिचा दीर कामाला होता. ती रुजू झाली त्या दिवशी त्याने "ही माझी वहिनी" म्हणून ओळख करून दिली, आणि साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली. दीर गेला, नाव मागे राहिलं.

मुदत संपलेली कीटकनाशकं तिथे निकामी करत. ती तापवली की निघणारा विषारी वायू एका उंच मनोऱ्यातून सोडत. मनोऱ्यात काळपट दाणे ठासून भरलेले. वायू त्यांना घासून वर गेला की त्यातलं विष मोडायचं, दाणे मात्र होते तसेच राहायचे. "लग्न जुळवणाऱ्या मामासारखे आहेत," दीर म्हणायचा, "दुसऱ्यांचं जमवून देतात, स्वतः सडेच!" पण ओल लागली की दाणे मरत, आणि मेलेले दाणे दिसायला जिवंतांसारखेच.

ओळखायची एक रीत होती. काम करताना दाणे तापतात. मनोऱ्याला सगळीकडून जाड वेष्टन होतं, फक्त वरच्या कठड्यापाशी तळहाताएवढा पत्रा उघडा ठेवलेला. थोडा वायू सोडायचा, पत्र्यावर हात ठेवायचा, गरम लागला की खाली ओरडायचं, "जिवंत आहेत!" मग वहिनीने खालची मोठी झडप उघडायची.

दीर गेला त्या आठवड्यात शेजारचं गोदाम पाडलं. इतकी वर्षं पत्र्यावर त्याची सावली असायची. त्या दुपारी पहिल्यांदाच ऊन पडलं. कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. दिराने हात ठेवला, पत्रा चांगला गरम होता. "जिवंत आहेत, वहिनी!" तो खुशीत ओरडला. तिने झडप उघडली. वायू जसाच्या तसा वर गेला, आणि वर तो उभा होता.

पुढे पत्रा झाकला, तापमानाचा काटा बसवला. तिला मात्र तो आवाज ऐकू येत राहिला. झडप उघडताना तर हमखास, आणि भांडी घासताना, बसची वाट बघताना, कधी कधी तर कुणाशी बोलता बोलता मध्येच. भुताने रडावं, दोष द्यावा. हा आपला खुशीत ओरडायचा. तेच तिला सोसवत नसे.

आणि तिची लेक रसायनशास्त्र शिकून त्याच कारखान्यात लागली. नव्या जातीचे दाणे मनोऱ्यात भरून बघायचे होते.

"जगातले बाकीचे कारखाने ओस पडलेत का गं?"

"तूही तिथेच आहेस की, आई."

"माझी हाडं झिजली तिथे."

"मग माझी अजून कोरी आहेत!"



पहिल्याच चाचणीला लेक वर कठड्यापाशी, आई खाली झडपेशी. साहेब हसून म्हणाले, "वहिनी, आता घरचाच कारभार!" काटा व्यवस्थित चढला. वरून लेकीने हाक दिली, "उघडा!" पण वहिनीला ऐकू आलं ते भलतंच. तिचा हात झडपेवरून निघाला आणि लाल बटणावर पडला. भोंगा वाजला, कारखाना बंद, माणसं बाहेर पळाली. दाणे काढून तपासले. एकूण एक ठणठणीत. साहेब रागावले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले.

घरी लेकीने विचारलं, "काय झालं तुला?"

"आवाज आला."

"काकाचा?"

लेकीला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. वहिनीने मान डोलावली.  लेक म्हणाली, "आई, मी वर काटा बघायचा असतो. पण खाली तू दिसलीस की मी तुझा चेहराच बघत बसते. आज काटा घसरला असता तरी मला कळलं नसतं."

 आपली काळजीच पोरीच्या जिवावर उठेल, हे वहिनीच्या कधी मनात आलं नव्हतं.

"सोड मग ती नोकरी," शेवटचं सांगून बघावं म्हणून ती म्हणाली.

"नाही."

सकाळी तिने साहेबांकडे बदली मागितली. कपडे धुण्याच्या खोलीत जागा होती, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या धोबीणबाईने तिला स्टूल दिलं, "बसा वहिनी, इथे यंत्र फिरतं, आपण नाही," म्हणाली. वहिनी हसली, कामाला लागली, पण कान मनोऱ्याकडेच.

"आज सुरू करणार होते ना हो?" तिने न राहवून विचारलं.

"मनोरा? मघाशीच झाला की. पोरगी वरून हात करत होती म्हणे."

वहिनीच्या हातातलं कापड तसंच राहिलं. झडप उघडली गेली होती आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ओरडला नव्हता. तिने श्वास सोडला. अर्धाच सोडला. आपल्याजवळ नाही आला, तर आज तो होता कुठे? कुणाशेजारी उभा होता?

"धोबीणबाई," ती म्हणाली, "जरा यंत्र थांबवता?"