‘नंतर’ची मुलगी

घरात तिला सगळे नाकमुरडी म्हणायचे. हे नाव मामानं ठेवलं, आणि ते तिला इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त शाळेतल्या बाईंच्या तोंडी उरलं. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नसे. धाकट्या भावानं चाटलेला चमचा चुकून तिच्या ताटात पडला, की ते जेवण तिथंच संपलं. आई खाणीच्या दवाखान्यात चादरी धुवायची. दिवसभर रक्ताचे आणि पुवाचे डाग चोळून ती घरी यायची, आणि आत पाऊल टाकायच्या आधी दाराबाहेर कोपरापर्यंत हात घासायची. पोरगी उंबऱ्यावर बसून ते बघत मोठी झाली. “हिचं लग्न साबणाच्या वडीशी लावून द्या,” मामा म्हणायचा, “दुसरा कुणी टिकायचा नाही.”

ती सतरा वर्षांची झाली तेव्हा खालच्या शहरातल्या कॉलेजानं डोंगरातल्या आदिवासी मुलांसाठी उन्हाळी तयारीचा वर्ग काढला. सुट्टीभर गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवणार, राहणं-जेवण फुकट, आणि पुढं प्रवेश मिळायला मदत. नाकमुरडीला गणित आवडायचं, कारण त्यात कुणाचं उष्टं नसतं, असं ती स्वतःच म्हणायची. आईनं नवी चादर दिली, मामानं बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून ओरडला, “तिथला संडास आवडला नाही तर लगेच कळव गं!” सगळी बस हसली. तिनं मान फिरवली.

शेजारच्या सीटवर एक ठेंगणी, कुरळ्या केसांची मुलगी येऊन बसली. तिच्या घरी शेळ्या होत्या हे तिनं सांगायची गरज नव्हती. तिच्या कपड्यांतून, पिशवीतून, केसांतूनही शेळ्यांचा वास येत होता. त्या दिवसापासून तिचं नाव शेळीवाली पडलं, आणि तिनं ते वाईटही वाटून घेतलं नाही. थोड्या वेळानं शेळीवालीनं एक पेरू काढला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा दातांच्या खुणांसकट पुढं केला.

“घे.”

“नको.”

“गोड आहे गं.”

“दिसतंय मला,” नाकमुरडी म्हणाली आणि खिडकीच्या काचेला चिकटली. शेळीवालीनं खांदे उडवले, उरलेला पेरू बियांसकट संपवला आणि हात फ्रॉकला पुसला. नाकमुरडीनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. सगळा उन्हाळा हिच्याजवळ बसायची वेळ येऊ नये, एवढंच तिनं मनात म्हटलं.

वसतिगृहात त्याच मुलीबरोबर तिला खोली मिळाली.

ती खोलीही बघण्यासारखी होती. दोन लोखंडी खाटा, त्यांवर दोन गाद्या. गादीच्या मधोमध कुणाच्या तरी अंगाचा पिवळट नकाशा उमटलेला. उशी उचलली तर खाली लांब केसांचा गुंता आणि एक वापरलेली, जखमेवरची चिकटपट्टी. न्हाणीघराच्या जाळीत मागच्या सगळ्या मुलींचे केस साबणाच्या चिखलात रुतून बसले होते. संडासाचं दार तिनं उघडलं आणि तसंच लावून घेतलं. बोटाच्या चिमटीत नाक धरून ती बाहेर आली, तेव्हा रखवालदारीण पान चघळत म्हणाली, “काय झालं? तुमच्याकडं तर उघड्यावरच जातात ना?”

“आमच्याकडं निदान झाकतात,” नाकमुरडी म्हणाली. रखवालदारणीनं तोंडातली पिंक कोपऱ्यात टाकली.

दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं. समोर वर्गाला पैसे देणारी पाहुणे मंडळी खुर्च्यांवर, मुलं खाली सतरंजीवर. संचालक दिसायला गोरे, गुबगुबीत, आणि फार प्रेमळ होते. त्यांच्या प्रेमाची अडचण अशी की ते ओलं होतं. बोलताना ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमायचा. कागद उलटायला ते बोट जिभेला लावायचे, आणि मग त्याच बोटांनी जवळच्या मुलांचे गाल थोपटायचे. “तुम्ही माझीच लेकरं आहात,” ते म्हणाले. “आजवर तुम्ही अंधारात होतात. आजपासून उजेड सुरू.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नाकमुरडी पुढच्याच रांगेत होती. ते ओलं बोट तिच्या गालाला लागलं, आणि पुढचं सगळं भाषण तिला गालावरच्या त्या गारव्यापलीकडं काही ऐकूच आलं नाही.

मग आरोग्याच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी रबरी हातमोजे घातले होते. हात कसे धुवायचे याचं चित्र त्यांनी भिंतीला लावलं आणि कॉलेजात जायला निघालेल्या मुलांकडून ते वदवून घेतलं: आधी पाणी, मग साबण, मग बोटांच्या मधे. आवाज फुटलेले मोठाले मुलगे “बोटांच्या मधे” असं एकसुरात म्हणत होते आणि एकमेकांकडं बघत नव्हते.

“आता मुलींची डोकी बघू,” बाई म्हणाल्या.

पाहुण्यांच्या समोर, मुलग्यांच्या समोर. त्यांच्या हातात एक बारीक दातांचा कंगवा होता. पहिली नाकमुरडीच उभी होती. कंगवा नवा होता, म्हणून तिनं दात आवळून डोकं पुढं केलं. बाईंनी भांग पाडून पाहिलं, कानामागं पाहिलं, नखं पाहिली, आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

“बघा! बघा हिच्याकडं! एकही ऊ नाही. नखं कशी काचेसारखी! मनावर घेतलं तर तुमच्यातही जमतं.”

पुढच्या मुलीच्या डोक्यात तोच कंगवा गेला. मग तिसरीच्या. चौथी शेळीवाली. तिच्या कुरळ्या केसांतून कंगवा निघाला तेव्हा बाईंनी तो पाहुण्यांच्या दिशेनं वर धरला. कंगव्याच्या दातांत काहीतरी वळवळत होतं. कुणीतरी “शी” म्हटलं. बाईंनी कंगवा एका फडक्याला पुसला आणि पाचव्या मुलीच्या डोक्यात घातला.

“बाई, तो कंगवा…” नाकमुरडीच्या तोंडून निघालं.

“तू नको काळजी करूस,” बाई गोड हसून म्हणाल्या. “तुझं झालंय ना तपासून.”

शेळीवालीला बाजूला उभं केलं आणि तिच्या डोक्यावर डब्यातली पांढरी पूड टाकली. नुसती टाकली नाही, मीठ भुरभुरावं तशी वरून झटकली. ती भुवयांवर पडली, पापण्यांवर पडली, खांद्यांवर साचली. औषधाचा उग्र वास सुटला. शेळीवाली डोळे मिटून गप्प उभी होती, आणि तिच्या नाकातून येणारं पाणी पुडीत मिसळून ओठांवर पांढरं होत होतं. नाकमुरडीला तिची किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःचाही राग आला. पण किळस खरी होती, ती काही त्या रागानं गेली नाही.

एवढ्यात संचालकांनी फोटोवाल्याला हाक मारली. नाकमुरडीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला शेळीवालीच्या शेजारी नेऊन उभं केलं.

“असं. ही डावीकडं, ही उजवीकडं. खाली छापायचं, आधी आणि नंतर.”

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, “सर, मीही आज सकाळच्याच बसनं आले. हिच्या शेजारी बसून.”

“हो गं,” संचालक म्हणाले, “पण फोटोत ते कुठं कळतंय?”

पाहुणे हसले. वाईट मनानं नाही, एखादं लहान मूल काहीतरी गमतीचं बोलल्यावर हसतात तसं हसले. फोटोवाला म्हणाला, “जरा हसरा चेहरा कर. नाक सरळ कर ना, वास आल्यासारखं काय करतेस?” दिव्याचा झोत चमकला. पुन्हा एकदा म्हणून त्यानं कॅमेरा उचलला तेव्हा ती तिथून निघून सरळ बाहेर पडली. पण एक फोटो निघायचा तो निघालाच होता.

चहाच्या वेळी संचालकांनी तिला कार्यालयात बोलावलं. रागावले नाहीत. उलट बशीतलं एक बिस्किट चहात बुडवून खात म्हणाले, “तू हुशार आहेस. रोज सकाळी मुलींची डोकी आणि नखं तपासायचं काम तुझ्याकडं देतो. बिल्ला मिळेल.”

“नको, सर.”

“का?”

“किळस येते.”

“येणारच,” ते समजुतीनं म्हणाले. “सवय होईल. खरं सांगू? तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.” आणि त्यांनी पुन्हा गाल थोपटला.

ती अंगणातल्या नळावर गेली आणि गाल घासत बसली. चादरीचा डाग घासतात तसा घासला, लाल होईपर्यंत. तिथंच शेळीवाली आली. दिवस कलला होता. पुडीनं तिचे डोळे सुजले होते आणि धुवायला जावं तर पूड आणखीच डोळ्यांत उतरत होती.

“तू फोटोत बरी दिसली असशील,” शेळीवाली म्हणाली. टोमणा होता की नाही ते कळलं नाही.

“गप बस. वाक खाली.”

“तुझ्या हाताला लागतील.”

“माहितीय मला! वाक म्हटलं ना.”

नाकमुरडीनं फ्रॉकच्या बाह्या खांद्यापर्यंत खोचल्या, तोंड शक्य तितकं दूर नेलं, श्वास कोंडून धरला आणि ते डोकं धुवायला लागली. बोटांखाली पुडीचा चिखल झाला. त्यात काय काय होतं ते तिला बोटांना समजत होतं. दोनदा तिला उमासे आले. दोनदा ती लांब जाऊन वाकली आणि परत आली. शेळीवाली वाकलेलीच हसायला लागली, हसता हसता तिच्या तोंडात फेस गेला.

“अगं, तुला एवढी किळस येते तर कशाला करतेस?”

“तुझी येत नाहीये,” नाकमुरडी म्हणाली. मग खोटं बोलवेना म्हणून पुढं म्हणाली, “तुझीही येतेय. पण तुझी धुता येते.”

केस पिळताना शेळीवाली म्हणाली, “उवा आमच्या घरात सगळ्यांना आहेत. मी आईला सांगितलं असतं, औषध लावून आले असते. कळवलं असतं तर. पण फोटो कशाला काढला गं?”

नाकमुरडीनं नळ बंद केला. संध्याकाळचं जेवण तिनं घेतलं नाही. रखवालदारणीच्या फोनवरून मामाला फोन लावला. “मी परत येते,” म्हणाली. मामा चेष्टा करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “ये. पण शिकवायला सुरुवात झाली का?” झाली नव्हती. “मग एक तास बसून बघ,” मामा म्हणाला, “नाही पटलं तर मी स्वतः न्यायला येतो.”

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर आले. किडकिडीत, अबोल माणूस. त्यांनी कुणाला लेकरं म्हटलं नाही, कुणाचा गाल धरला नाही. फळ्यावर एक उदाहरण लिहिलं आणि म्हणाले, “सोडवा.” चूक निघाली तर “चूक” म्हणाले. नाकमुरडी राहिली.

आठवडाभरात सगळ्या मुली डोकं खाजवायला लागल्या. नाकमुरडीच्याही डोक्यात उवा आल्या, तेव्हा तिनं एक दिवस रडून काढला, आणि शेळीवालीनं दोऱ्यानं, नखानं, तासन्‌तास बसून त्या काढल्या. पुढं आरोग्याच्या बाई व्याख्यानाच्या मधेच कानामागं बोट घालताना दिसल्या. कुणी हसलं नाही. मुली फक्त लक्ष ठेवून होत्या.

फोटो छापला गेलाच. वर्गाच्या पत्रकावर, भिंतीवर, एकदा तर कॅलेंडरवर. नाकमुरडीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि ती दर वर्षी कार्यालयात जाऊन तो काढायला सांगायची. “तू किती छान दिसतेस त्यात,” कार्यालयातले म्हणायचे. तिसऱ्या वर्षी तो खरंच काढला. त्या जागी दोन नव्या मुलींचा लावला.

शेळीवालीलाही तिथंच प्रवेश मिळाला होता, पण ती कॉलेज अर्धवट सोडून परत गेली, कारण वडील वारले आणि जनावरं बघायला कुणी नव्हतं. आता तिचा मोठा कळप आहे आणि जनावरांचे डॉक्टर तिच्याकडं विचारून जातात. नाकमुरडी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. नदीतलं, नाल्यातलं, टाक्यांतलं पाणी बाटल्यांतून तिच्यापुढं येतं आणि त्यात काय घाण आहे ते ती शोधते. घरी कुणी विचारलं, हिला हे कसं जमतं, तर मामा म्हणायचा, “तिथं तिला नाक मुरडायचा पगार मिळतो.”

यंदा शेळीवालीची मुलगी सतरा वर्षांची झाली. तिला त्याच वर्गाला जायचं होतं. फोनवर दोघी मैत्रिणी कडाकडा भांडल्या.

“अजिबात पाठवू नकोस,” नाकमुरडी म्हणाली.

“गणित चांगलं शिकवतात गं तिथं.”

हे खरं होतं. शेवटी नाकमुरडी म्हणाली, “मी सोडायला जाते तिला.”

आणि गेली. रजा काढून, पोरीबरोबर बसनं. पोचवून परत फिरायचं सोडून ती पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. कुणी तिला ओळखलं नाही. संचालक नवे होते, बोलणं जुनंच होतं. अंधार आणि उजेड तसेच्या तसे. डोकी तपासायची वेळ झाली आणि नव्या बाई कंगवा घेऊन उठल्या, तशी तीही उठली आणि म्हणाली, “मुलींना आत न्या. एकेकीला. आणि कंगवा प्रत्येकीला वेगळा.” आवाज चढला होता. बाई गोंधळल्या, संचालकांकडं बघू लागल्या. संचालकांना वाटलं या पैसे देणाऱ्यांपैकीच कुणीतरी असणार, म्हणून ते लगबगीनं म्हणाले, “हो, हो, मॅडम म्हणतात तसं करा.” फोटोवाला कॅमेरा घेऊन मुलींच्या मागं मागं निघाला. ती आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत हलली नाही.

संध्याकाळच्या बसनं परतताना तिनं शेळीवालीला फोन लावला.

“पोचली तुझी पोरगी,” ती म्हणाली. “रडलीबिडली नाही. मीच भांडून आले.”