प्रेमानंद भोयरचं धुकं

प्रेमानंद भोयर सात वर्षं विमानशास्त्रात पीएचडी करत होता आणि आमच्या डोक्यावर मिरे वाटत होता. चहाला चल म्हटलं, तर "नाही वं मिनल, मी पीएचडी करून राहिलो न." पेपर तपासायचे आले, की पीएचडी. भिवापूरला मावसभावाचं लग्न निघालं, की मात्र पीएचडीला चार दिवस सुट्टी.

आमची संस्था नागपुरात मिहानच्या रस्त्यावर आहे. तिथलं विमानशास्त्र म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा मांडायच्या आणि मधून हवाईसुंदरी व्हायला आलेल्या पोरींना ट्रॉली ढकलायला शिकवायचं. मी इंग्रजी शिकवते, प्रेमानंद हवामान. प्राचार्यांची खुर्ची रिकामी होती. संस्थाचालक भैयाजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, "डिग्री आण, खुर्ची तुही." ही सगळी तपश्चर्या त्या खुर्चीसाठी.

प्रबंधाचा विषय नागपूरचं धुकं. संध्याकाळचे हवामानाचे आकडे याच्या सूत्रात घातले, की उद्या सकाळी सोनेगावच्या विमानतळावर विमानांची ये-जा होईल का, ते कळणार. आणि हा गडी स्वतः जन्मात एकदाच विमानात बसला, तोही डोळे घट्ट मिटून, बायकोचा हात धरून. त्याच्या बायकोनं, रीनानंच मला हसत हसत सांगितलं होतं.

जानेवारीत तोंडी परीक्षा ठरली. बाहेरच्या परीक्षक डॉ. इनामदार हैदराबादहून येणार होत्या, साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी हैराण. परीक्षकांची सरबराई विद्यार्थ्यानंच करायची, ही आपल्याकडची रीत. प्रेमानंदनं रामदासपेठेत हॉटेल घेतलं, संत्रा बर्फी आणली, सावजीचं मटण सांगून ठेवलं. आणि बाईंना आणलं कशानं? रेल्वेनं. तेही बाजूच्या वरच्या बर्थवर, रात्रभर.

"विमानानं काहून नाही आणलं गा?" मी विचारलं.

"धुक्याचा काही भरोसा राहते का वं? विमान नाही उतरलं त माही डिग्री गेली न."

जाडजूड प्रबंध काखेत धरून तो हे अगदी मनापासून बोलत होता.

परीक्षा संध्याकाळी झाली, आमच्याच संस्थेच्या हॉलमध्ये. पहिल्या रांगेत त्याचे मार्गदर्शक ओमप्रकाश सर बर्फीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी भैयाजी. प्रेमानंद पडद्यावर आलेख दाखवत सुटला. सूत्र अचूक आहे, देशभर वापरता येईल, विमान कंपन्यांचे कोट्यवधी वाचतील. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बाई गुडघा चोळत शांतपणे ऐकत होत्या.

त्याचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "एकच प्रश्न विचारते. उद्या दुपारी हैदराबादला माझ्या नातीचं बारसं आहे. सकाळचं विमान आहे, आणि आज रात्रीची गाडीही आहे. सकाळी विमान सुटेल का? तुमच्या सूत्राला विचारा."

प्रेमानंदनं त्या संध्याकाळचे आकडे भरले. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. धुकं नाही. मागच्या बाकांवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"मग काढू विमानाचं तिकीट?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. ओमप्रकाश सर जोरजोरात मान डोलावत होते, अरे, हो म्हण. भैयाजी खुर्चीत पुढे सरकले. एक 'हो' म्हटलं, की डिग्री खिशात आणि खुर्ची बुडाखाली. तो म्हणणारच, याची मला खात्री होती. तेवढा निर्लज्जपणा त्यानं सात वर्षांत नक्कीच कमावला होता.

भर थंडीत त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही गाडीनंच जा. नातीचं बारसं आहे न. रिस्क नका घेऊ."

मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला.

बाईंनी प्रबंध मिटला. "तुमचा स्वतःचा यावर विश्वास बसला, की मला बोलवा," त्या म्हणाल्या. "आज मी सही करणार नाही." ओमप्रकाश सरांनी बर्फीचा डबा मुकाट्यानं पिशवीत घातला. भैयाजी तर त्याआधीच उठून गेले होते. बाई रात्रीच्या गाडीनं परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आकाश लख्ख निळं होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. हैदराबादचं विमान अगदी वेळेवर डोक्यावरून गेलं. मला राहवेना. मी प्रेमानंदला फोन लावला आणि मोबाईल वर आकाशाकडे धरला.

"ऐकून राहिला का गा?"



"ठेव वं फोन," तो म्हणाला. "मी बी गच्चीवरच आहो."