दुधातला गंधक

आमच्या बोरिवलीच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, नवी सिस्टर आली की मी आधीच सांगते, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, हात धू आणि परत ये. माझी जीभ तिखट आहे, मान्य. पण ओंजळीत मावतील एवढी पोरं सांभाळायची तर कुणीतरी तिखट लागतंच.

दहिसरची एक मुलगी होती, दिवस भरायच्या बऱ्याच आधी बाळंत झालेली. मुलाच्या पोटाला दूध पेलवत नव्हतं, म्हणून त्याचं सगळं जेवण शिरेतून, सलाईनसारख्या टांगलेल्या बाटलीतून. तिला पंपाने दूध काढायला सांगितलं की म्हणायची, "कशाला? त्याला मिळतंय की बाटलीतून." दूध आटत चाललं होतं. ते गेलं तर पुढे या पोराला काय देणार, हीच मला धास्ती.

सासू मालवणकडची. तिला विचारलं, "आजी, सुनेला अळिवाचे लाडू दिलेत ना?"

"बाळ घराक येऊंदे. मगे वळतलंय."

म्हणजे मूल जगेल की नाही ते ठरेपर्यंत लाडू नाहीत! माझं डोकंच सटकलं.

"अहो, मूल पेटीत आहे म्हणून ही बाळंतीण नाही का? भीती वाटते तर देवाला गाऱ्हाणं घाला, हिला कशाला उपाशी ठेवता?"

मग दोघींना बाटली दाखवली. म्हटलं, "वाढायला अंगात गंधक लागतो. तो ज्यातून मिळतो ते सिस्टीन नावाचं द्रव्य आपलं लिव्हर बनवतं. याचं लिव्हर अजून कच्चं आहे. म्हणून आम्ही ते बाटलीत वरून घालतो, तेही आयत्या वेळी, कारण आधी घातलं तर टिकत नाही."

"गंधक? फटाक्यातलो?" आजी दचकली.

"तोच. आणि तुमच्या सुनेच्या दुधात तो आपोआप असतो. कुणाला घालावा लागत नाही."

 दुसऱ्या दिवशी आजी डबा घेऊन आली. लाडू घाईत वळलेले, अर्धे फुटलेले. बाहेरच्या बाकावर समोर बसून तिने सुनेला खायला लावले. पोरगी रडत रडत खात होती. बाहेरच होती, मी काही बोलले नाही.

दूध वाढलं. आम्ही नळीतून थेंब थेंब द्यायला लागलो, पोराने पचवलं, आणि एका सकाळी डॉक्टरांनी बाटली बंद करायला सांगितली. मी ती उतरवत होते, तर आजी घाबरून पुढे आली.

"अगो, आता तेका गंधक कोण घालतलो?"

मी तोंड उघडलंच होतं. पण ती मुलगी दुधाची वाटी हातात धरून माझ्या आधी म्हणाली, "मी."