चिनी मुळाचा काढा आणि शुक्रवारचा एसी

सौदीत राबिघच्या रिफायनरीवरच्या आमच्या कॅम्पात एसीखालच्या खाटेला मोठा भाव होता. त्या खाटेवरचा फिटर सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही. मग मी भांडून-तंडून ती खाट मिळवली, आणि आठवड्याच्या आत माझी मान धरली. दिवसभर पाइपरॅकवर डोकं वर करून वेल्डिंग करायचं, निथळत खोलीवर यायचं आणि त्या गार झोतात उघड्या मानेनं झोपायचं, दुसरं काय होणार? एका सकाळी उठलो तर मान जागची हलेना. डावीकडे बघायचं तर अख्खा मी वळायचो, डेपोत एसटी वळते तसा. अंगात कसकस होती. दवाखान्यातल्या गोळ्यांनी ठणका कमी झाला, पण मान होती तिथेच.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण शनिवारी माझी टेस्ट होती. रिफायनरीला लागून पेट्रोकेमिकलचं नवं काम निघालं होतं. टेस्टला जे वेल्डर पास होतील ते तिथे जाणार, बाकीच्यांचं खलास, थेट घरी. टेस्टचा पाइप तिरपा बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं, वरून, बाजूनं आणि खाली शिरून मान उलटी करून. तिकडे गावी, देवरुखजवळ, आमचं चिऱ्याचं घर लिंटलपर्यंत येऊन थांबलं होतं. बायको फोनवर विचारायची, "स्लॅब कधी?" मी म्हणायचो, "होईल गं." खरं तर मी घाबरलो होतो. ते कुणाला सांगवेना, म्हणून समोर येईल त्याच्यावर खेकसत होतो.

माझं हे एसटीसारखं वळणं पहिल्यांदा हेरलं ते शेजारच्या चिनी टोळीच्या फोरमननं. काटक माणूस, हातात कायम चहाची काचेची बरणी. आमच्यात भाषा अशी नव्हतीच, साइटवरची अरबी-इंग्रजी खिचडी होती. सदीक म्हणजे दोस्त, फी म्हणजे आहे, माफी म्हणजे नाही, एवढ्यावर निम्मा प्लांट उभा राहिला होता. त्यानं माझी मान दाबली, मी कळवळलो. मग माझ्या कपाळावर बोट फिरवून त्यानं विचारलं, "सदीक, वॉटर फी? वॉटर माफी?"

राबिघच्या दमट उन्हाळ्यात घाम येतो का असं विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी चिडून काहीतरी बोलणार होतो, पण लक्षात आलं की कालपासून अंग तापलंय आणि कोरडंठाक आहे. "माफी," मी म्हणालो. त्याला इतका आनंद झाला की मी टेस्ट पास झाल्यासारखं त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. मी पुन्हा कळवळलो.

गुरुवारी संध्याकाळी तो कागदाची पुडी घेऊन आमच्या खोलीवर आला. पुडीत पांढुरके, धागेदार, चौकोनी तुकडे होते. त्याच्या भाषेत त्या मुळाला गे-गन की असंच काहीतरी म्हणतात. जग त्या वेलाला कुडझू म्हणतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या खोलीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, क्रेनला ओझी बांधून देणारे एक वयस्क रिगर होते, सगळे त्यांना मामू म्हणत. मामूंनी एक तुकडा हुंगला, चावला आणि निकाल दिला, "अरे, ही तर आपली घोडवेल. नसली तर तिची चुलत बहीण असेल. हिचा कंद आमच्याकडे बाळंतिणीला देतात."

मग फोरमननं त्या मुळाचे उपयोग करून दाखवले. करूनच, कारण सांगायला शब्द नव्हते. मान आखडून खोलीभर चालला, म्हणजे हे माझं दुखणं. जीभ बाहेर काढून धापा टाकल्या, म्हणजे तहान. पोट धरून दरवाजाकडे धावला, ते आम्हाला लगेच कळलं. गालावर बोटांनी ठिपके दिले आणि हातात मूल जोजवलं, म्हणजे पोरांचा गोवर. तो आत दबून बसला की हे मूळ त्याला बाहेर काढतं म्हणे. शेवटी बाटली तोंडाला लावून झोकांड्या खाल्ल्या, डोकं धरलं आणि हवेतलंच एक फूल खुडून दाखवलं. प्यायलेली उतरवायला या वेलाचं फूल लागतं. पण त्यानं चौफेर हात फिरवला आणि सुस्कारा टाकला, "सौदी. माफी." आम्ही हसून लोळलो. मला लोळताही येईना.

काढ्यात मुळाबरोबर आलं, दालचिनी आणि ज्येष्ठमध पडणार होतं. यातलं नव्वद टक्के आपल्याच आज्यांचं, असं मामू म्हणाले. चिनी लाल बोरं फोरमनकडची संपली होती, तर मामूंनी बुरैदाचे खजूर पुढे केले. तो घुटमळला, पण हो म्हणाला. आणखी एक पाला यात लागतो, पण त्याचं नाव निघताच त्यानं दोन्ही मनगटं जोडून बेड्या दाखवल्या. विमानतळावरून तो आणणं त्याला जमण्यातलं नव्हतं. काढा प्यायल्यावर पांघरूण घ्यायचं आणि वर भाताचं गरम पाणी प्यायचं.

"पेज!" मामू ओरडलेच. तिथून पुढे त्यांचा त्या चिनी माणसावर पूर्ण विश्वास बसला. इतका, की तो गेल्यावर पुढचं वैद्यपण त्यांनी स्वतःकडे घेतलं.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर मामूंनी काढा उकळला, मला पाजला, दोन ब्लँकेटं घातली आणि फर्मान काढलं, "एसी बंद करा. काढा घेतलेल्याला वारा लागता कामा नये. दार पण उघडू नका."

आमच्याच खोलीतला साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन ताडकन उठला. "आवो मामू, आठवड्याचा ह्यो एकच दिस! भाईर ऊन बघा की. त्यो चिनी एसीचं काय बोलला का?"

"त्यानं बोलायला कशाला हवं? माझ्या आईनं मला असंच बरं केलंय."

"तुमच्या आईच्या घराला खिडक्या हुत्या!"

"उद्या त्याची टेस्ट आहे," मामू म्हणाले.

इलेक्ट्रिशियननं एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यानं स्वतःच जाऊन बटण बंद केलं.

मला वाटलं, आता हे सगळे दुसऱ्या खोलीत जातील. पण दार उघडायचं नव्हतं. पत्र्याची ती खोली बघता बघता भट्टी झाली. मी ब्लँकेटात शिजत होतो, नाकात आलं-दालचिनीचा वास भरला होता, आणि पलीकडे पत्त्यांचा डाव चालल्याचा आवाज येत होता. मला घाम फुटला तो धारांनी. पेज प्यालो आणि त्यातच डोळा लागला.

जाग आली ती इलेक्ट्रिशियनच्या शिव्यांनी. त्याला वाईट पानं आली होती. मी बघायला वळलो आणि मान वळली. नुसती मान, बाकीचा मी जागेवर होतो. बघतो तर सगळे उघडेबंब, तोंडं लालबुंद, मामू खोक्याच्या झाकणानं वारा घेतायत, पत्ते घामानं एकमेकांना चिकटलेत. दार मात्र कुणी उघडलं नव्हतं. मला रडू आलं. त्या घामात ते कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

शनिवारी मी तिरप्या पाइपाखाली शिरलो. मान थोडी कुरकुरली, पण फिरली. जॉइंटचा एक्स-रे स्वच्छ निघाला. मूळ लागू पडलं, गोळ्या लागू पडल्या की दुपारभराची झोप, ते मला सांगता येणार नाही. मी आपला खजुरांचा डबा घेऊन फोरमनकडे गेलो आणि आमचा शुक्रवार त्याला करून दाखवला, एसी, दार, खोक्याचं झाकण, सगळं.

त्यानं कपाळावर हात मारला. "एसी फी! एसी फी!" घाम यायला हवा तो एवढासाच, असं करंगळीचं टोक दाखवून त्यानं मला बजावलं. जास्त आला तर वाईट. एसी चालू ठेवून मला फक्त झोताखालून हलवलं असतं तरी चाललं असतं.

रात्री जेवताना मी हे खोलीत सांगून टाकलं. मामू एकदम माशाचे काटे काढण्यात गुंतले. मी इलेक्ट्रिशियनकडे बघितलं. म्हटलं, आता हा मला आणि मामूंना दोघांनाही सोलणार.

त्यानं भात कालवला आणि विचारलं, "पास झालास न्हवं?"

"झालो."

"मान फिरती न्हवं?"

"फिरते."

"मग गप जेव की. आमी काय इरघळलो व्हय?"